रक्तातल्या पेशी गेल्या कुठे?

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे; नोकरीमुळे चेन्नईजवळ सिरुसेरीत राहतो. नोव्हेंबरात बाबा आमच्याकडे राहायला आले आणि आठवडाभरात तापाने पडले. वय ७१. तपासणीत इन्फ्लुएन्झा ए निघाला, त्याचाच न्यूमोनिया झाला. चार दिवस ऑक्सिजन लागला. आता ते बरे आहेत, पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. दाखल केलं त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी ३,९०० होत्या. त्यात न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फोसाइट फक्त ९, मोनोसाइट ७ आणि इओसिनोफिल शून्य. ‘व्हायरलमध्ये असं होतं’ एवढंच डॉक्टर म्हणाले. दहा दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा एकूण पेशी ७,८०० आणि लिम्फोसाइट २२ टक्के. आजार फुप्फुसाचा असताना रक्तात हे बदल का झाले? कमी झालेल्या पेशी गेल्या कुठे, आणि दहा दिवसांत आल्या कुठून? शिवाय आई विचारते, ‘ह्यांची प्रतिकारशक्ती आता गेली का? ती वाढवायला काही द्यायचं का?’

— एक वाचक, सिरुसेरी, चेन्नई

उत्तर : आधी तुमच्या रिपोर्टमधले आकडे नीट मांडून घेऊ, कारण हिमोग्राम वाचताना निम्मा गोंधळ टक्केवारीमुळे होतो. ३,९०० चे ९ टक्के म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ३५० लिम्फोसाइट. धडधाकट प्रौढ माणसात ही संख्या बहुतेक १,००० ते ४,००० च्या दरम्यान असते. तेव्हा बाबांच्या लिम्फोसाइटमधली घट खरी होती आणि चांगलीच मोठी होती. आता न्यूट्रोफिल पाहा. ८४ या आकड्यापुढे लॅबने ‘जास्त’ अशी खूण केली असेल आणि ती पाहून घरचे सगळे धास्तावले असतील. पण ३,९०० चे ८४ टक्के म्हणजे सुमारे ३,३००, आणि २,००० ते ७,००० हे न्यूट्रोफिलचे नेहमीचे प्रमाण. त्या दिवशी बाबांचे न्यूट्रोफिल वाढलेलेच नव्हते. लिम्फोसाइट घटल्यामुळे शंभरातला त्यांचा वाटा तेवढा फुगून दिसला. दहा दिवसांनंतरचे २२ टक्के म्हणजे सुमारे १,७०० लिम्फोसाइट. ३५० वरून १,७०० वर! तुम्हाला पडलेला प्रश्न अगदी योग्य आहे. एवढ्या पेशी दहा दिवसांत नव्याने घडवल्या गेल्या असतील, असे कोणालाही वाटेल. तसे झालेले नाही.

फुप्फुसाच्या आजाराची खबर रक्ताला कशी लागते, तेथून सुरुवात करू. शरीरातले सगळे रक्त फुप्फुसांतून जाते. स्वस्थ बसलेल्या माणसाचेही दर मिनिटाला सुमारे ५ लिटर. फुप्फुसात जवळजवळ ४८ कोटी वायुकोश असतात. आतली हवा आणि शेजारच्या केशवाहिनीतले रक्त यांच्यामध्ये जो पडदा असतो, तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. तिथल्या कित्येक केशवाहिन्या इतक्या अरुंद, की न्यूट्रोफिलला अंग चेपून पुढे सरकावे लागते, आणि म्हणूनच निरोगी माणसातही पुष्कळ न्यूट्रोफिल तिथे रेंगाळलेले सापडतात. एवढी जवळीक असताना वायुकोशाला सूज आली आणि रक्ताला पत्ता लागला नाही, हे शक्यच नाही.

पण इन्फ्लुएन्झाचा विषाणू स्वतः सहसा रक्तात उतरत नाही. तो श्वसनमार्गाच्या अस्तरातल्या पेशींत शिरतो, तिथेच वाढतो आणि तिथल्याच शेजारच्या पेशींत पसरतो. रक्तातून सगळीकडे पोचतात ते त्या पेशींनी सोडलेले रासायनिक निरोप. त्यातला पहिला म्हणजे इंटरफेरॉन. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी तो शोधला, आणि त्यांच्या प्रयोगातला विषाणू इन्फ्लुएन्झाचाच होता. इंटरफेरॉनच्या पाठोपाठ इंटरल्युकिन-६ आणि इतर प्रथिने येतात. ती मेंदूपर्यंत गेली की ताप चढतो, यकृतापर्यंत गेली की सूज दाखवणारे सीआरपी हे प्रथिन रक्तात वाढते, अस्थिमज्जेपर्यंत गेली की पांढऱ्या पेशींचा हिशेब बदलतो. अंग मोडून येते, जेवणावरची वासना उडते, तीही याच निरोपांनी. बाबांच्या रक्तात जे दिसले, तो विषाणूने रक्तावर केलेला घाव नव्हता. फुप्फुसातून आलेल्या हाकेला शरीराने दिलेला तो प्रतिसाद होता.

आता पेशी गेल्या कुठे ते पाहू. शरीरात जेवढे लिम्फोसाइट असतात, त्यांतले कोणत्याही क्षणी रक्तात असतात ते फक्त २ टक्के. उरलेले लसिकाग्रंथींत, पाणथरीत, अस्थिमज्जेत, आतड्याच्या भिंतीत आणि फुप्फुसात मुक्काम करून असतात. लिम्फोसाइट रक्तात येतो, अर्ध्याएक तासात एखाद्या ग्रंथीत शिरतो, तिथे अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त काळ काढतो आणि पुन्हा रक्तात येतो. तुम्ही सिरुसेरीचे आहात, म्हणून तुमच्या रोजच्या पाहण्यातलेच सांगतो. सकाळी अकराला ओएमआर या हमरस्त्यावर उभे राहून कंपन्यांच्या बस मोजल्या आणि त्या कमी भरल्या, म्हणून सिपकॉटच्या आयटी पार्कमधली माणसे कामावरून गेली असे कोणी म्हणणार नाही. ती इमारतींच्या आत असतात. हिमोग्राम रस्त्यावरची मोजणी आहे. ती महत्त्वाची आहेच, पण तिच्यावरून आतले सगळे कळत नाही.

इन्फ्लुएन्झात रस्ता का ओस पडतो, याचे एक कारण आज बरेच बारकाईने समजले आहे. लसिकाग्रंथीतून बाहेर पडायची वाट लिम्फोसाइटला कळते ती रक्तातल्या एका स्निग्ध पदार्थामुळे. त्याची जाणीव होण्यासाठी पेशीच्या अंगावर एक ग्राहक प्रथिन असते. इंटरफेरॉनचा निरोप मिळाला, की लिम्फोसाइटवर सीडी-६९ नावाचे दुसरे प्रथिन उगवते आणि ते या ग्राहकाला पेशीच्या आत ओढून घेते. मग बाहेरची वाट सापडत नाही आणि पेशी ग्रंथीतच अडकून राहते. हे अडकणे कामाचे आहे. फुप्फुसातून विषाणूचे तुकडे घेऊन येणाऱ्या पेशी याच ग्रंथींत पोचतात. कोट्यवधी लिम्फोसाइटमधून हा नेमका विषाणू ओळखणारे मोजकेच लिम्फोसाइट शोधून काढायचे असतील, तर सगळे तिथे थांबलेलेच बरे.

जे थांबत नाहीत, त्यांच्यातले बरेच थेट फुप्फुसात जातात. दुर्बीण घालून फुप्फुसात थोडे सलाइन सोडतात आणि परत ओढून घेतात. कोविडच्या काळात अशा द्रवाचा जगभर पुष्कळ अभ्यास झाला. मध्यम आजारी रुग्णांच्या रक्तात मारक टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) कमी झालेल्या असताना त्याच रुग्णांच्या फुप्फुसातल्या द्रवात विषाणूविरुद्ध लढणाऱ्या टी-पेशींची संख्या वाढलेली सापडली. त्या कामावर हजर होत्या.

तिसरे कारण आपल्या मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथींत आहे. कुठल्याही मोठ्या आजारात या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉल लिम्फोसाइटना रक्तातून अस्थिमज्जेकडे आणि इतर ठिकाणी वळवतो, आणि इओसिनोफिल तर रक्तातून जवळपास नाहीसे करतो. बाबांचा इओसिनोफिलचा शून्य मुख्यतः तिथूनच आला. तीव्र ताप असलेल्या माणसाच्या रिपोर्टात शून्य इओसिनोफिल पाहिले, की मला ते शरीरावर किती ताण आहे याचे चिन्ह वाटते. आणि दोन-तीन दिवसांनी तिथे १ किंवा २ हा आकडा उमटला की बरे वाटते. हा एवढासा आकडा घरच्यांच्या कधी लक्षातही येत नाही.

आता चौथे कारण, आणि ते दडवून उपयोग नाही : काही लिम्फोसाइट मरतात. इन्फ्लुएन्झात आणि कोविडमध्ये विषाणू त्यांना फारसे थेट मारत नाही. सूज वाढवणाऱ्या निरोपांचा मारा फार झाला, की पेशी स्वतःच्या अंताची ठरलेली प्रक्रिया सुरू करतात. आजार सौम्य असेल तेव्हा हे थोडे, गंभीर असेल तेव्हा बरेच. २०२० मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी कोविडने दगावलेल्या रुग्णांच्या लसिकाग्रंथी आणि पाणथरी तपासल्या, तेव्हा बी-पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचा दुसरा प्रकार, जिथे चांगली प्रतिपिंडे बनवायला शिकतात, ती केंद्रेच तिथे उभी राहिलेली दिसली नाहीत. म्हणून लिम्फोसाइट फार खाली गेले आणि दिवसामागून दिवस खालीच राहिले, तर डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात. पेशी दुसरीकडे गेल्या आहेत की मेल्या आहेत, हे एका दिवसाच्या आकड्यावरून सांगता येत नाही. पुढचे तीन-चार आकडे आणि खाटेवरचा रुग्ण, यांवरून ते कळते.

हे सगळे कोविडनंतरच कळले असे मात्र नाही. इन्फ्लुएन्झात पांढऱ्या पेशी कमी होतात, हे १९१८ च्या साथीतल्या डॉक्टरांनीही नोंदवले होते. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईच्या गोदीच्या बाजूने आलेला ताप सप्टेंबरात परतला, तो कितीतरी उग्र होऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे गेली. २००९ मध्ये पुण्याने एच१एन१ पाहिला. ३ ऑगस्टला या आजाराने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा बंद झाल्या आणि नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. त्या वर्षीच्या गंभीर न्यूमोनियातही ठिकठिकाणच्या डॉक्टरांना लिम्फोसाइटची हीच घट दिसली. मग २४ जानेवारी २०२० ला ‘लॅन्सेट’मध्ये वुहानच्या पहिल्या ४१ रुग्णांचे वर्णन आले, त्यांतल्या २६ जणांचे, म्हणजे ६३ टक्के रुग्णांचे, लिम्फोसाइट कमी होते. नव्या विषाणूची ओळख जगाला होत होती, पण रक्तातली ही खूण जुनी होती.

यंत्राने छापलेल्या आकड्यांपलीकडेही बरेच काही दिसते, आणि पॅथॉलॉजीत आयुष्य घालवलेल्या माणसाला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीतला रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीवर पातळ ओढायचा, वाळू द्यायचा आणि त्यावर लिशमनचा रंग टाकायचा. आधी कमी ताकदीच्या भिंगाने पेशी सुट्या सुट्या पसरलेली जागा शोधायची, मग तेलाचा थेंब टाकून शंभराचे भिंग खाली आणायचे. गुलाबी तांबड्या पेशींच्या मध्येमध्ये न्यूट्रोफिल दिसतात. केंद्रकाचे तीन-चार जांभळे खंड आणि त्यांना जोडणारे बारीक धागे. अस्थिमज्जेने घाईने बाहेर धाडलेल्या कोवळ्या न्यूट्रोफिलमध्ये हे खंड पडलेले नसतात, केंद्रक नुसती वाकलेली पट्टी असते. अशा पेशी पुष्कळ दिसल्या, की मज्जेवर ताण आहे हे ओळखावे. नेहमीचा लिम्फोसाइट लहान असतो. गोल गडद केंद्रक आणि भोवती निळ्या रंगाची जेमतेम एक कड. पण विषाणूशी गाठ पडून चेतलेला लिम्फोसाइट पाहावा! तो दुप्पट मोठा झालेला असतो, निळा रंग गडद आणि ऐसपैस, आणि त्याची कड शेजारच्या तांबड्या पेशींना वळसा घालून त्यांच्या अंगाला टेकलेली. बाबांच्या रक्तात एकूण लिम्फोसाइट थोडे असले, तरी त्यांत असे काही चेतलेले असण्याची शक्यता पुष्कळ. तशी शेरेवजा ओळ रिपोर्टच्या तळाशी छापलेली असते. पुढच्या वेळी ती जरूर वाचा.

हाताने मोजणी करताना लॅबमध्ये साधारण शंभर पांढऱ्या पेशी मोजतात. शंभरात ९ लिम्फोसाइट आले, तर खरे प्रमाण ४ पासून १६ पर्यंत कुठेही असू शकते. हा निव्वळ नमुना लहान असण्याचा परिणाम आहे. सिरुसेरीतच चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे, तिथला कोणताही विद्यार्थी हे गणित तुम्हाला कागदावर मांडून दाखवील. यंत्र हजारो पेशी मोजते, म्हणून त्याचा आकडा जास्त भरवशाचा. तरीही सकाळचे आणि रात्रीचे लिम्फोसाइट एकाच माणसात वेगळे भरतात, कारण कॉर्टिसॉल पहाटे चढतो आणि रात्री उतरतो. तेव्हा काल ९ आणि आज ११ आले म्हणून हुरळू नये, आणि ११ चे ९ झाले म्हणून रात्र जागून काढू नये. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर काढून ते व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. तुमच्या बाबांचे ते गुणोत्तर ८४ भागिले ९, म्हणजे ९ च्या वर होते. निरोगी माणसात ते साधारण १ ते ३ असते. गुणोत्तर वाढले की आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो, हे रुग्णांच्या मोठ्या समूहांत खरे ठरते. पण एकट्या माणसाच्या नशिबाचा निकाल त्यातून लागत नाही, आणि बाबा घरी चालत आले हेच त्याचे प्रत्यंतर.

स्टेरॉइड सुरू असतील तर हा आकडा आणखीच फसवा होतो. स्टेरॉइड दिल्यावर रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहिलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट आणखी बाजूला होतात. संसर्ग तसूभरही वाढलेला नसताना रिपोर्ट बिघडलेला दिसतो. ऑक्सिजनवर असलेल्या कोविड रुग्णांना डेक्सामेथासोनने जीवदान मिळते, हे ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले. त्याच चाचणीत ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. हा दुसरा भाग आपल्याकडे फार थोड्यांच्या कानांवर गेला. घरच्या घरी स्टेरॉइड घेतली गेली, रक्तातली साखर चढली आणि मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीने महाराष्ट्राला वेठीस धरले. ज्या पेशींवर बुरशी रोखण्याची भिस्त, त्यांचेच काम स्टेरॉइड आणि साखर यांनी मंद केले होते. इन्फ्लुएन्झाच्या न्यूमोनियात तर दुसरे सबळ कारण असल्याशिवाय स्टेरॉइड देतच नाहीत.

मोनोसाइटविषयी तुम्ही विचारले नाही, तरी दोन वाक्ये त्यांच्यासाठी. विषाणूचा तुकडा अंगावर मिरवून लिम्फोसाइटला दाखवणे हे त्यांचे एक काम, आणि त्यासाठी एचएलए-डीआर नावाचे प्रथिन लागते. २०२० मध्ये गंभीर कोविड रुग्णांच्या मोनोसाइटवर हे प्रथिन कमी झालेले दिसले : पेशी संख्येने हजर, पण दाखवायचे काम थंडावलेले. साध्या हिमोग्राममध्ये हे कळत नाही. त्यासाठी पेशींना चमकणारे रंग जोडून एकेक पेशी लेसरच्या झोतातून नेणारे यंत्र लागते.

आता पेशी आल्या कुठून? याचे बरेचसे उत्तर वर येऊनच गेले आहे. इंटरफेरॉन ओसरला, सीडी-६९ उतरले, ग्रंथींची दारे उघडली. कॉर्टिसॉल खाली आला. अडकलेले लिम्फोसाइट रक्तात परतले. शिवाय ग्रंथींत निवड झालेल्या पेशी विभागून वाढल्या होत्या, त्यांचीही भर पडली. न्यूट्रोफिलची गोष्ट वेगळी. ते रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतात आणि अस्थिमज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी नवे न्यूट्रोफिल घडवते. म्हणून दुसऱ्या रिपोर्टमधले बहुतेक न्यूट्रोफिल खरोखरच नवे होते, आणि लिम्फोसाइट बहुतांशी घरचेच, परतलेले.

वयाचा मुद्दा इथे सांगायला हवा. नवख्या टी-पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात आणि ही ग्रंथी तरुणपणापासूनच आक्रसत जाते. सत्तरीत नव्या विषाणूसाठी राखून ठेवलेल्या टी-पेशी कमी उरतात. बाबांना ऑक्सिजन लागला, यात वयाचा वाटा मोठा असणार.

‘प्रतिकारशक्ती गेली का?’ या आईंच्या प्रश्नाला मी नाही म्हणतो, ते नुसत्या धीरासाठी नव्हे. ज्या श्वसनविकारात प्रतिकाराची स्मृती खरोखर पुसली जाते, तो आजार वेगळा आहे : गोवर. गोवरात मुले बहुधा न्यूमोनियानेच दगावतात. गोवराचा विषाणू लिम्फोसाइटच्या आतच शिरतो, आणि जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या पेशी नेमक्या वेचून मारतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचे गोवरापूर्वीचे आणि नंतरचे रक्त तपासले, तेव्हा आधी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली. हा अभ्यास २०१९ चा. दुसऱ्या जंतूंशी लढून त्या मुलांनी जे कमावले होते, तेही गेले. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीच्या वस्त्यांतून गोवर पसरला, तेव्हा मला पुरळाहून त्यानंतरच्या महिन्यांची जास्त काळजी वाटत होती. पुरळ आठवड्यात जातो. इतर संसर्गांपुढे मूल पुढे बराच काळ उघडे पडते. गोवराचे डोस चुकलेले मूल घरात, शेजारात, बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांत कुठेही असेल, तर त्याला लस मिळवून द्या. सिरुसेरीत इमारती उभारणारी कुटुंबे एका गावाहून दुसऱ्या गावी जात राहतात आणि त्यांच्या मुलांचे डोस असेच निसटतात.

इन्फ्लुएन्झा तसे करत नाही. तो मागे आठवण ठेवून जातो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १९१८ च्या साथीतून वाचलेल्या, ९१ ते १०१ वर्षांच्या ३२ जणांचे रक्त घेतले. नव्वद वर्षे उलटून गेल्यावरही त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्यात होती, आणि काहींच्या रक्तात ती बनवणाऱ्या बी-पेशी फिरत होत्या. २००३ च्या सार्समधून बरे झालेल्या माणसांत १७ वर्षांनी त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या. आजारपणात या माणसांचेही लिम्फोसाइट बाबांसारखेच घटले असणार. अडचण एवढीच, की इन्फ्लुएन्झा दर काही वर्षांनी रूप बदलतो आणि जुनी ओळख पुरी पडत नाही.

तेव्हा आईंना सांगा, प्रतिकारशक्ती वाढवणारे म्हणून विकले जाणारे काढे, चूर्णे आणि गोळ्या यांवर पैसे घालू नका. लिम्फोसाइट वाढवून न्यूमोनिया टाळणारे असे कोणतेही चूर्ण नाही. पोटभर जेवण, डाळी-अंडी-दूध, झोप आणि हळूहळू वाढवत नेलेले चालणे यांनी बाबांची ताकद परत येईल. छातीच्या एक्स-रेमधली छाया या वयात पुरती निवळायला सहा आठवडे किंवा अधिक लागू शकतात, म्हणून ती लगेच गेली नाही तर घाबरू नका. पुन्हा एक्स-रे कधी काढायचा ते डॉक्टरांनाच विचारा. हिमोग्राम आता दर आठवड्याला करायची गरज नाही. मात्र एका गोष्टीवर लक्ष ठेवा. विषाणूने अस्तर सोलवटलेल्या फुप्फुसात पुढचे काही दिवस जिवाणूंना शिरकाव सोपा असतो, आणि १९१८ मधले बहुसंख्य मृत्यू अशा मागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियानेच झाले होते. एकदा उतरलेला ताप पुन्हा चढला, कफ पिवळा-हिरवा झाला किंवा दम वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अशा वेळी न्यूट्रोफिलची संख्या, टक्केवारी नव्हे, झपाट्याने वर गेलेली दिसते आणि मग अँटिबायोटिकचा खरा उपयोग होतो.

आणि लस. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि या वयात न्यूमोकॉकसच्या लसीबद्दलही डॉक्टरांशी बोला. सांगली आणि सिरुसेरी यांत एक फरक आहे. महाराष्ट्रात इन्फ्लुएन्झा नैर्ऋत्य मोसमी पावसाबरोबर, जून ते सप्टेंबरात वाढतो. चेन्नईत तो ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत, ऑक्टोबर ते डिसेंबरात उसळतो. बाबा सांगलीचा हंगाम पार करून आले आणि चेन्नईच्या ऐन हंगामात सापडले. लस घेतल्यावर प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. पुढच्या वर्षी ते पावसाळ्यात सांगलीत असतील तर मेमध्ये, आणि दिवाळीला तुमच्याकडे येणार असतील तर निघण्याआधी दोन-तीन आठवडे, कोणती लस कधी घ्यायची ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. डॉक्टरांकडे जाताना हे दोन्ही रिपोर्ट सोबत न्या.